कंदील विझला, पण गॅस कुणाचा?

कंदील पंचवीस-तीस फूट खाली गेला आणि विझला. अप्पांनी दोर वर ओढला, काच अजून गरम होती. पुन्हा पेटवला, पुन्हा सोडला, पुन्हा जवळजवळ त्याच जागी विझला.

"बघा की साहेब. तुमच्या कारखान्यानं आमच्या विहिरीत गॅस सोडलाय."

कारखाना माझा नव्हता. आणि त्याने तोवर जमिनीखाली फुगाभरसुद्धा वायू सोडला नव्हता. सोडायचा की नाही हे ठरवण्यासाठीच तर मला बोलावलं होतं.

सोलापूर जिल्ह्यातल्या, सीनाकाठच्या एका साखर कारखान्याचं हे प्रकरण. नाव सांगत नाही. जिल्ह्यात कारखाने इतके आहेत की वर्णन केलं तरी दहा जणांना लागू पडेल. माझी उभी नोकरी तेलाच्या शोधात गेली. ड्रिलिंग चालू असताना वर येणारा खडकाचा चुरा, चिखलातून सुटणारा वायू, तेलाचे नमुने, आणि या सगळ्यांवरून 'हे तेल कुठल्या खडकात शिजलं' याचा माग काढणं, हे माझं भूरसायनशास्त्र. निवृत्त होऊन सोलापूरला परतलो आणि वर्षभरात हे काम दारात आलं.

प्रस्ताव काय होता

कारखान्याची मळीपासून इथेनॉल काढणारी आसवनी आहे. यीस्ट साखर खातं आणि जवळपास निम्म्या-निम्म्या वजनाचं इथेनॉल आणि कार्बन डायऑक्साइड देतं. एक किलो इथेनॉलमागे साडेनऊशे ग्रॅमहून थोडा जास्तच वायू. कारखान्यात सगळे त्याला 'सीओटू' म्हणतात, मीही तेच म्हणतो. औष्णिक केंद्राच्या धुरात सीओटू असतो साधारण सातवा-आठवा हिस्सा, आणि तो बाकीच्या नायट्रोजनमधून वेगळा काढण्यातच खरा पैसा जातो. आसवनीच्या टाकीवरून मात्र तो जवळपास शुद्ध मिळतो. शिवाय हा कार्बन उसाने हवेतूनच ओढलेला. तो जमिनीत कायमचा गाडला तर हवेतला सीओटू खरोखर कमी होतो, आणि कार्बन क्रेडिटच्या बाजारात या गोष्टीला भाव आहे.

एका सल्लागाराने संचालक मंडळाला आइसलँडची चित्रं दाखवली होती. तिथल्या हेलिशेदी इथे २०१२ मध्ये कार्बफिक्स प्रकल्पाने सुमारे २३० टन सीओटू पाण्यात विरघळवून बेसॉल्टमध्ये, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या खडकात, सोडला. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त वायूचा दगड झाला होता. पाण्यात विरघळलेला सीओटू म्हणजे सौम्य आम्ल. ते बेसॉल्टमधून कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह सोडवतं, पुढे आम्लपणा उतरला की कॅल्साइटसारखी खनिजं साकळतात. सोड्याच्या बाटलीतला फेस थिजून चुनखडी व्हावी, तसं काहीसं.

मंडळातल्या एकाने निष्कर्ष काढूनही टाकला होता: "आइसलँडला बेसॉल्ट, आपल्याला बेसॉल्ट. मग अडतंय कुठं?"

ही बातमी कारखान्याच्या गेटबाहेर पडायला दोन दिवस पुरले. तिसऱ्या दिवशी अप्पांची तक्रार आली. पावसाने ओढ दिलेलं वर्ष होतं, विहिरीत पाणी पंचेचाळीस फुटांवर. गाळ काढायला उतरलेल्या गड्याला धाप लागली, तो घाबरून वर आला, आणि गावात बोलणं सुरू झालं.

जुनं हत्यार

माझ्या धंद्यात अनोळखी वायू समोर आला की आधी दोन गोष्टी बघतात. एक, मिथेनच्या तुलनेत इथेन-प्रोपेन किती. दलदलीतल्या जीवाणूंनी बनवलेल्या वायूत मिथेन इतरांच्या हजारपटीहून जास्त असतं. खोल खडकात तापून तयार झालेल्या वायूत हे गुणोत्तर शंभराच्या खाली येतं. दोन, कार्बनचे समस्थानिक. कार्बन-१२ आणि त्याचा जड भाऊ कार्बन-१३ यांचं प्रमाण एका ठरावीक मानकाशी ताडून 'प्रति हजार उणे अमुक' असं लिहितात. जीवाणूंचं मिथेन उणे ६० च्याही खाली, तापून झालेलं साधारण उणे ५० ते उणे २५. मुंबई हायसारख्या क्षेत्रात, जिथे १९७४ मध्ये तेल लागलं, तिथपासून खंबातच्या खोऱ्यापर्यंत वायूचं मूळ सांगताना हेच आकडे आधी बघतात.

सीओटूलाही अशीच जन्मखूण असते. कोळशाचा किंवा बाभूळ, तूर, हरभऱ्यासारख्या वनस्पतींचा कार्बन उणे २५ च्या आसपास. पृथ्वीच्या कवचाखालच्या खोल प्रावरणातून आलेला उणे ५ च्या आसपास. दोन नमुने घेतले, प्रयोगशाळेत पाठवले, की चोर सापडतो असा माझा भरवसा होता. तीस वर्षांची सवय होती ती.

इथे एक कबुली देऊन टाकतो. तेलाच्या शोधात जमिनीवरून एक सर्वेक्षण करतात. अडीच-तीन मीटरवरची माती आणायची, तिच्यावर आम्ल ओतायचं आणि कणांना चिकटलेले इथेन-प्रोपेनचे अंश मोजायचे. चुनखडयुक्त मातीतून त्या वेळी सीओटू भरभरून निघतो, आणि तो मध्ये येऊ नये म्हणून पोटॅशच्या द्रावणात जिरवून टाकतात. म्हणजे उभी नोकरी ज्या वायूला मी कचरा म्हणून मारला, तोच आता कुणाचा हे सांगायला बसलो होतो.

ज्वारीने केलेला घोटाळा

अप्पांच्या विहिरीतली हवा, विहिरीलगतच्या रानात एक मीटर खोल रोवलेल्या नळ्यांतली हवा आणि आसवनीच्या टाकीवरचा वायू असे नमुने काचेच्या नळ्यांत भरून बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवले. निकाल आला. विहीर आणि टाकी, दोन्ही उणे १० ते उणे १३ च्या पट्ट्यात. रानातले आकडेही त्याच्याच आगेमागे.

हा कागद अप्पांच्या हातात पडला असता तर? 'कारखान्याचा गॅस आणि माझ्या विहिरीतला गॅस एकच' हे सिद्ध झालं म्हणून त्यांनी तो तालुक्याला नेला असता, आणि कागद वाचणाऱ्याला त्यात खोट सापडली नसती.

कारण साधं आहे, पण ते लक्षात यायला मला एक रात्र लागली. ऊस आणि ज्वारी या दोन्ही वनस्पती हवेतला कार्बन एकाच पद्धतीने बांधतात. गव्हा-हरभऱ्याची पद्धत वेगळी. ती कार्बन-१३ ला जास्त नाकारते, म्हणून त्यांचा आकडा उणे २५ च्या पलीकडे जातो. ऊस, ज्वारी, मका, बाजरी यांचा उणे १० ते उणे १४. अप्पांचं रान पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी ज्वारीचं. मातीतली मुळं, मेलेली मुळं आणि त्यांवर जगणारे जीवाणू जो सीओटू सोडतात त्याची खूण ज्वारीची, आणि आसवनीतल्या सीओटूची खूण उसाची. एका घराण्यातली दोन माणसं. नाकावरून ओळखायला गेलं तर फसगत ठरलेली.

मग कार्बन-१४, काळासोबत संपत जाणारा कार्बनचा तिसरा भाऊ? कोळशाचा किंवा तेलाचा कार्बन कोट्यवधी वर्षं जुना असतो, त्यातला कार्बन-१४ संपून गेलेला असतो, त्यामुळे तो झटकन वेगळा पडतो. पण उसाचा कार्बन गेल्या वर्षीचा आणि ज्वारीचाही ताजाच. हेही हत्यार बोथट.

असाच पेच कॅनडात पडला होता. सस्कॅचवान प्रांतात वेबर्न तेलक्षेत्र आहे. तिथे २००० पासून सीओटू जमिनीत सोडतात, उरलंसुरलं तेल वर ढकलायला. हा वायू येतो अमेरिकेच्या नॉर्थ डकोटातल्या, कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातून, तीनशेहून जास्त किलोमीटरच्या नळाने. २०११ च्या सुरुवातीला जवळच्या एका शेतकरी दांपत्याने जाहीर केलं की आपल्या शेतातल्या तळ्यात बुडबुडे येतात, मेलेले प्राणी सापडतात, आणि हा गळतीचाच परिणाम आहे. त्यांच्या सल्लागाराचा आधार समस्थानिकांचा होता: सोडलेला वायू उणे २० च्या आसपास आणि मातीतलाही तसाच. पण तिथल्या थंड गवताळ मातीचा स्वाभाविक आकडाच तिथे पोचतो. पुढच्या स्वतंत्र तपासणीत वायू मातीतला, जैविक निघाला. तिथे कार्बन-१४ कामी आला, कारण कोळशाचा वायू 'मेलेला' होता. सोलापुरात तीही सोय नाही.

म्हणून मी जी रीत वापरली ती वेबर्नच्याच तपासणीत वापरलेली आहे, आणि ती इतकी साधी की आधी मला तिची थोडी लाजच वाटली. सीओटू एकटा बघायचाच नाही. त्याच्यासोबत ऑक्सिजन आणि नायट्रोजन मोजायचे.

मुळं श्वास घेतात तेव्हा जेवढा ऑक्सिजन खर्च होतो जवळजवळ तेवढाच सीओटू येतो. म्हणजे दोघांची बेरीज हवेतल्या २१ टक्क्यांच्या आसपासच राहते, आणि नायट्रोजन आपल्या ७८ वरून फारसा हलत नाही. बाहेरून सीओटू घुसला तर तो ऑक्सिजन खात नाही, सगळ्यांना बाजूला सारतो. नायट्रोजन ७८ च्या खाली घसरतो आणि बेरीज २१ च्या वर जाते. ही तपासणी समस्थानिकांवर अवलंबून नाही, आणि तिला जुन्या नोंदींची गरजही फारशी लागत नाही.

विहिरीतल्या तिसाव्या फुटावर सीओटू साडेचार टक्के निघाला, ऑक्सिजन सोळाच्या जरा वर. बेरीज २१ ला किंचित कमी. ते 'किंचित' सीओटू पाण्यात आणि चुनखडीत मुरतो म्हणून. ज्योत ऑक्सिजन सोळा-सतरा टक्क्यांवर आला की विझते, त्यामुळे कंदील बरोबर बोलत होता. गड्याला धाप लागली तीही खरी, साडेचार टक्के सीओटूत कुणालाही लागेल. फक्त वायू होता अप्पांच्याच रानाचा.

पंधरा नळ्यांपैकी चौदा याच रेषेवर बसल्या. पंधरावी बसली नाही.

ती होती कारखान्याच्या कुंपणापलीकडे, जिथे स्पेंटवॉश (आसवनीचं सांडपाणी) आणि प्रेसमड (उसाचा रस गाळून उरलेली मळी) कालवून खत करतात त्या अंगणाच्या कडेला. सीओटू साडेसात, ऑक्सिजनही जवळपास तेवढाच, बेरीज पंधरा. नायट्रोजन, आर्गॉन धरून, ८५. गळती म्हणावी तर नायट्रोजन उलट वाढलेला. हा नमुना मिथेन जळाल्याचा: ढिगाखाली हवा न पोचलेल्या ओल्या थरात मिथेन बनतं, वर येताना मातीतले जीवाणू ते खातात, आणि एक सीओटू बनवायला दोन ऑक्सिजन खर्च होतात. गंमत म्हणजे या नळीचा समस्थानिक आकडा उणे २० च्या पलीकडचा, कोळशासारखा. फताटेवाडीच्या औष्णिक केंद्राचा धूर मातीत उतरतो, अशी एक थिअरी गावात आधीपासून फिरत होतीच. हा एकच आकडा बाहेर गेला असता तर तिला प्रयोगशाळेचा शिक्का मिळाला असता.

या पंधराव्या नळीवर कारखान्याशी माझं थोडं वाजलं. "ती अहवालात कशाला? आपल्या विषयाशी संबंध नाही," असं मला सुचवण्यात आलं. संबंध होता. उद्या वायू जमिनीत सोडला आणि परवा कुणी याच जागी नळी रोवली, तर 'आधीपासूनच असं होतं' हे दाखवायला हाच कागद लागणार. मी तो काढला नाही.

काळ्या मातीबद्दल थोडं. उन्हाळ्यात तिला हात-हात खोल भेगा पडतात आणि एक मीटरवरच्या नळीत सरळ वरची हवा शिरते. सीओटू काही नाहीच असं वाटतं. पावसाळ्यात तीच माती फुगून झाकणासारखी बसते आणि खाली वायू कोंडतो. म्हणजे माझे सगळे आकडे एका हिवाळ्याचे. वैशाखातले, श्रावणातले वेगळे येणार. अहवालात मी वर्षभराच्या नोंदींशिवाय एक किलोही सोडू नये असं लिहिलं, त्याचं मुख्य कारण हे.

खडक आणि पाणी

आता मूळ प्रश्न: सोलापूरच्या खडकात हे जमेल का? यावर मला अप्पांच्या विहिरीएवढं लिहावंसं वाटत नाही, कारण उत्तर लवकर दिसलं.

बेसॉल्टमध्ये सीओटू घालायच्या दोन रिती मैदानात आजमावल्या गेल्यात. एक आइसलँडची, पाण्यात विरघळवून. दुसरी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या वालुला इथली: २०१३ मध्ये तिथे ९७७ टन सीओटू दाबाखाली घट्ट करून, पाण्याशिवाय, ८०० मीटरहून खोल सोडला. सीओटूला त्या घट्ट अवस्थेत ठेवायला ३१ अंश तापमान आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाब लागतो, आणि तो दाब साधारण ८०० मीटरच्या आसपास मिळतो.

आपल्याकडे बेसॉल्टची जाडी पश्चिमेकडून पूर्वेकडे कमी होत जाते. कोयनेला संशोधनासाठी खोदलेल्या तीन किलोमीटरच्या विवरात बेसॉल्ट बाराशे मीटरहून जास्त लागला. किल्लारीला भूकंपानंतर खोदलेल्या ६१७ मीटरच्या विवरात तो ३३८ मीटरवर संपला. खाली गाळाच्या खडकाचा पातळ थर आणि मग ग्रॅनाइटसारखा जुना पाया. सोलापूर किल्लारीपासून साधारण ८० किलोमीटर. त्यामुळे वालुलाची रीत इथे गृहीत धरणं म्हणजे घराची उंची न मोजता पंखा लावणं.

उरली आइसलँडची रीत. तिला एक टन सीओटूमागे सुमारे २५ टन पाणी लागतं. दिवसाला ६० हजार लिटर इथेनॉल काढणारी आसवनी धरली तर रोज साधारण ४५ टन सीओटू. त्याला पाणी ११ लाख लिटरच्या वर. मंडळाच्या बैठकीत मी हा आकडा लिटरमध्ये सांगितला तेव्हा कुणाची मान वर झाली नाही. मग म्हणालो, "दहा हजार लिटरचे एकशे तेरा टँकर. रोज." खुर्च्या हलल्या.

कुणीतरी विचारलं, औष्णिक केंद्राला हे जमलं असतं का? कागदाच्या पाठीवर हिशेब केला. १,३२० मेगावॉटचं केंद्र ७० टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला सत्तर लाख टनांच्या वर सीओटू, त्याला पाणी सव्वासहा-साडेसहा टीएमसी. उजनीचा उपयुक्त साठाच साडेत्रेपन्न टीएमसी. सोलापुरात पाण्याच्या पाळीवरून माणसं कशी भांडतात हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

पाणी त्याच खडकातून उपसून परत तिथेच सोडता येतं, हे खरं. पण त्यासाठी खडकात पाणी हवं, आणि ते फिरायला वाट हवी. इथला विहीर खोदणारा माणूस खडक तीन शब्दांत सांगतो: मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण. पाषाणात भेगा सोडल्या तर पाणी नाही. मांजऱ्यात पूर्वी वायूचे बुडबुडे होते त्या पोकळ्या असतात, वायू जिरवायला त्याच हव्यात. पण सहा-साडेसहा कोटी वर्षांत त्यातल्या कित्येक झिओलाइट आणि कॅल्साइट या खनिजांनी आधीच भरून बसल्या आहेत. आइसलँडचा खडक त्या मानाने कालचा. 'बेसॉल्ट तो बेसॉल्ट' हे वाक्य इथे अडतं.

बैठकीत एक ज्येष्ठ संचालक तोवर गप्प होते. ते एवढंच म्हणाले, "किल्लारीची रात्र मी पाहिलीय. जमिनीत काही ढकलायचं असेल तर आधी तिथं ऐकायचं यंत्र बसवा." ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, अनंत चतुर्दशीचं विसर्जन नुकतंच आटोपलेलं. आइसलँडच्या रितीत दाब फार नसतो, हे मी सांगितलं. पण त्यांचं म्हणणं अहवालात जसंच्या तसं घातलं. ते शास्त्राला धरूनच होतं.

निकाल असा लागला: मंडळाने भूगर्भाचा नाद सोडला. सीओटू शुद्ध करून शीतपेयं आणि सुक्या बर्फासाठी विकायचं ठरलं. बाटलीतला वायू ढेकरेसरशी हवेत परत जातो, त्यामुळे त्याला 'साठवण' म्हणू नका एवढी विनंती मी केली. खताच्या अंगणाखाली पक्का तळ घालायचं कबूल झालं. मी शेवटचा गेलो तेव्हा खडी येऊन पडली होती.

अप्पांना बेरजेचा हिशेब पटला नाही. "कागदावर कायबी लिवता येतंय," म्हणाले. मी म्हटलं, कंदिलालाच विचारू. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या सुमारास उतरतो. चढला की वरची हवा विहिरीत आणि रानात ढकलली जाते, उतरला की रान आपला श्वास विहिरीत सोडतं. त्यात हिवाळ्याच्या रात्रीची गार, जड हवा विहिरीत उतरून आतली हवा बदलून टाकते. गळती असती तर तिने घड्याळ पाळायचं कारण नव्हतं.

पंधरा दिवस त्यांनी दोन्ही वेळा कंदील सोडला आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर खुणा केल्या. सकाळच्या चौकोनात रेघ, म्हणजे ज्योत पाण्यापर्यंत टिकली. दुपारच्या चौकोनात फुली. मी गेलो तेव्हा पंधरा रेघा होत्या आणि बारा फुल्या. ढगाळ दिवसांच्या तीन दुपारी ज्योत टिकली होती, त्यांच्यापुढे अप्पांनी प्रश्नचिन्ह काढलं होतं.

"ह्या तिघांचं काय?" त्यांनी विचारलं.

मी वहीत त्या तीन तारखा उतरवून घेतल्या.